आंबा घाट आणि आमच्या पिकअपची दोन दारे

रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणारा रस्ता आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्गाला लागायचे, पालीला तो सोडून पूर्वेकडे वळायचे, नाणीज मागे टाकून साखरप्याला चहा घ्यायचा आणि मग आंबा घाट चढायचा. घाटमाथ्यावर रत्नागिरी जिल्हा संपतो, कोल्हापूर जिल्हा सुरू होतो आणि कोकणातून घाम पुसत आलेल्या माणसाला पहिल्यांदा गार वारा लागतो. पुढे मलकापूर, बांबवडे, पन्हाळ्याचा पायथा आणि कोल्हापूर. रत्नागिरीपासून सुमारे १३० किलोमीटरचा हा रस्ता. आंब्याच्या दिवसांत माझा धाकटा भाऊ आठवड्यातून दोनदा तरी तो तुडवतो. त्याची एक जुनी पिकअप आहे. आमच्या पावस बाजूच्या बागांतल्या हापूसच्या साठ-सत्तर पेट्या तो कोल्हापूरच्या मार्केट यार्डात पोहोचवतो आणि रिकामी गाडी घेऊन परत येतो.

गेल्या एप्रिलमध्ये एका रविवारी मी आणि अम्मी त्याच्याबरोबर निघालो. अम्मीचे वय पंचाहत्तरच्या पुढे. कानाचे मशीन तिने कोल्हापुरातून घेतले होते, कारण माझी मोठी बहीण तिथे राहते आणि तिच्या ओळखीतले डॉक्टर आहेत. मशीन लावूनही अम्मीची तक्रार होती की माणसांचे बोलणे कमी आणि गोंधळच जास्त ऐकू येतो. ते पुन्हा नीट लावून घ्यायचे होते. एसटीने दोन वेळा चढउतार करण्यापेक्षा घरची गाडी बरी, असा विचार करून आम्ही पुढच्या सीटवर तिघे बसलो.

फजरची नमाज पढून निघालो. भाट्याच्या पुलावर अजून अंधारच होता. खाडीवरून वारा येत होता. अम्मीने नेहमीप्रमाणे सफरची दुआ मोठ्याने पढायला सुरुवात केली. घरातून कोणीही बाहेर पडले की ती दुआ पढते आणि आम्ही आमीन म्हणतो, ही लहानपणापासूनची रीत. त्या दिवशी मला तिचे ओठ हलताना दिसत होते, शब्द मात्र एकही कानी पडत नव्हता. दोन्ही दारे खडखडत होती. काचा खणखणत होत्या. शिवाय हा आवाज दाबण्यासाठी भावाने स्पीकर मोठा लावला होता. दुआ कधी संपली ते कळलेच नाही, त्यामुळे आमीनही राहून गेले.

हातखंब्याच्या पुढे रस्त्याच्या चौपदरीकरणाचे काम चालू होते. जागोजागी वळवलेला रस्ता, खडी, धूळ. तिथे तर दारे जणू आता निखळून पडतील अशी वाजू लागली. नाणीज यायच्या आधीच अम्मीने कानातले मशीन काढले, रुमालात गुंडाळले आणि पर्समध्ये ठेवले. मग कोल्हापूर येईपर्यंत ती काचेतून बाहेर बघत गप्प बसून राहिली. पाच तासांच्या प्रवासात आम्ही मायलेकी दहा वाक्येही बोललो नाही.

डॉक्टरांनी मशीन तपासले, थोडे बदल केले आणि समजावले, "मशीन आवाज मोठा करतं. आजूबाजूला खडखडाट असेल तर तोही मोठा होतो. शक्यतो शांत जागी बोला." मी भावाकडे पाहिले. तो खाली बघत होता.

परतीचा प्रवास आणखी वाईट झाला. पिकअप भरलेली असते तेव्हा मागचे पाटे ओझ्याखाली दबतात आणि धक्के थोडे तरी गिळतात. रिकामी गाडी मात्र प्रत्येक खड्ड्यात उडी मारते. घाट उतरताना मी ओरडून विचारले, "अरे, ही दारं दुरुस्त का करून घेत नाहीस?"

त्यानेही ओरडूनच सांगितले. गॅरेजवाल्याने दोन्ही दारांचे मिळून साडेसहा हजार सांगितले होते. यार्डातले लोक आवाजावरूनच गाडी ओळखतात आणि हसतात. म्हणून तो बाजूला पैसे टाकत होता. पण आता त्याला वाटू लागले होते की या खटाऱ्यावर पैसे घालण्यापेक्षा हंगाम संपल्यावर ही काढून टाकावी आणि हप्त्यावर नवी घ्यावी. हप्ते हा शब्द ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आंब्याचे पीक एक वर्ष येते, एक वर्ष हुलकावणी देते. हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

"आधी आपण घरी बघू," मी म्हणाले.

"आपा, तू शाळेत शिकव. गाडीचं माझ्यावर सोड," तो म्हणाला.

दाराच्या पोटात काय काय असते

एप्रिलमध्ये आमची शाळा सकाळची असते. पुढच्या शनिवारी दुपारी गाडी अंगणातल्या फणसाखाली उभी केली. भाऊ नाखुशीनेच आला. आठवीतला माझा भाचा मात्र सुट्टीच्या दिवशी क्रिकेट सोडून आला, यावरून त्याची हौस कळावी.

मी काही मिस्त्री नाही. बीएडला शिकवलेले एक सूत्र तेवढे उपयोगी पडले. उत्तर शोधण्याआधी प्रश्न नेमका काय आहे ते ठरवावे. "दार वाजते" हा प्रश्न नव्हे. दारातले काय वाजते, हा प्रश्न.

आधी दाराच्या खिशातले सगळे बाहेर काढले. दोन पाने, पाण्याची बाटली, यार्डाच्या पावत्या, सुट्टी नाणी, एक तुटका आरसा. मग स्पीकर बंद करून भावाला वाडीच्या कच्च्या रस्त्याने हळू गाडी चालवायला सांगितली. मी आत बसून दारावर एकेका ठिकाणी तळहात दाबत गेले. काचेच्या कडेवर हात ठेवला की खणखण थांबे. म्हणजे काच खोबणीत सैल होती. आतल्या पत्र्यावर दाबले की फडफड थांबे. म्हणजे पत्रा धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा गेल्या होत्या. दार बाहेरच्या बाजूला रेटून धरले की धडधड कमी होई. म्हणजे दार बंद असूनही कुलूप आणि कडी यांच्यात जागा राहत होती. एवढे करूनही आतून एक टकटक येतच होती. तिचा पत्ता लागेना.

गाडी उभी केल्यावर दार अर्धे उघडून त्याचे टोक दोन्ही हातांनी वर उचलून पाहिले. दार वरखाली हलले, तर बिजागरीची पिन झिजली असे समजावे. ते काम घरी होत नाही, त्याला वेल्डरच हवा. आमच्या बिजागऱ्या सुदैवाने ठीक होत्या. भाच्याने वहीच्या कागदाची पट्टी दारात धरून दार लावले आणि पट्टी ओढली. ती लोण्यातून सुरी निघावी तशी सुटून आली. कडेचे रबर, म्हणजे ज्याला मिस्त्री बिडिंग म्हणतात ते, उन्हाने कडक होऊन चपटे झाले होते आणि दाराला टेकतच नव्हते.

आतला पत्रा काढताना काच वरखाली करण्याचे हँडल अडले. त्याच्यामागे तारेची एक छोटी क्लिप असते, ती दिसत नाही आणि स्क्रूड्रायव्हरने काढायला गेले की पत्र्यावर ओरखडे पडतात. माझ्या शिवणाच्या पेटीतली कापडाची लांब पट्टी हँडलच्या मागे घातली आणि बूट पुसतात तशी दोन्ही टोकांनी आळीपाळीने ओढली. क्लिप टुणकन बाहेर आली. ती उडून हरवू नये म्हणून भाच्याने हात धरला होता. भाऊ पहिल्यांदाच हसला.

दाराच्या पोटात आमच्या जांभ्याची लाल माती तळाशी घट्ट बसली होती. तीत सुकलेली पाने, दोन रुपयांचे एक नाणे आणि एक मोठा नट. टकटक त्या नटाचीच होती. तो कधी आणि कुठून पडला, कुणास ठाऊक. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात, ती मातीने बुजली होती. कोकणातल्या पावसात आणि खाऱ्या हवेत ही भोके बुजली की दार आतून सडते. तारेने ती मोकळी केली. हे काम कुठल्याच हिशेबात नव्हते, पण सगळ्यात मोलाचे तेच असावे.

बाहेरच्या हँडलपासून कुलुपापर्यंत एक लोखंडी सळई जाते. ती पत्र्यावर आपटत होती. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून तिला जिथे तिथे गुंडाळल्या. पत्र्याच्या आतल्या बाजूलाही ट्यूबचे चौकोनी तुकडे चिकटवले. काचेच्या खोबणीतला झिजलेला नमदा काढून नवा बसवला. खोबणीत तेल घालायचा मोह होतो, तो टाळावा. तेलाने धूळ धरते आणि रबर फुगते. आत चिकटवलेला प्लास्टिकचा कागद पावसाचे पाणी अडवण्यासाठी असतो. तो निरुपयोगी समजून फेकू नये. आम्ही तो पुन्हा नीट चिकटवला, नव्या क्लिपा दाबल्या आणि पत्रा बसवला.

एक चूक माझी झाली. कुलूप ज्या कडीत अडकते तिला मी हौसेने ट्यूबचे तीन वेढे दिले. दार छान घट्ट लागले असे वाटले. भाऊ म्हणाला, "आपा, आवाज ऐक. एकदाच वाजलं." दाराच्या कुलपाला दोन टप्पे असतात. बंद होताना दोनदा टक् वाजले पाहिजे. पहिल्याच टप्प्यावर अडकलेले दार वळणावर उघडू शकते. आवाज बंद करण्याच्या नादात मी दार धोकादायक करून ठेवले होते. वेढे लगेच काढले. मग त्याने कडीच्या पट्टीभोवती पेन्सिलने रेघ मारली, स्क्रू सैल केले आणि कडी जेमतेम दोन मिलिमीटर आत सरकवून पुन्हा कसली. रेघ मारून ठेवली की बिघडले तर मूळ जागी परत येता येते. आता दार दोनदा वाजून लागू लागले आणि कागदाची पट्टी ओढली तर फाटू लागली.

हिशेब असा झाला. काचेच्या खोबणीचा नमदा २४० रुपये, कडेला लावायची बिडिंग ९०, दहा क्लिपा ५०, ग्रीसची डबी ४०. एकूण ४२० रुपये. ट्यूब घरचीच होती. शनिवारची दुपार आणि रविवारचा अर्धा दिवस गेला. दुसरे दार पहिल्याच्या निम्म्या वेळात झाले. मी आनंदात होते. साडेसहा हजारांचे काम सव्वाचारशेत झाले, अल्हम्दुलिल्लाह, असे घरोघरी सांगत सुटले. पण गोष्ट इथे संपत नाही.

घाटातला दुसरा आवाज

पुढच्या आठवड्यात अम्मीच्या मशीनसाठी पुन्हा जायचे होते. या वेळी दुआ ऐकू आली. भावाने स्पीकर लावलाच नाही. साखरप्याला चहा पिताना अम्मीच्या कानात मशीन होते आणि ती आमच्या आजोबांची हकिगत सांगत होती. घाट चढताना इंजिनाची एकसुरी घरघर तेवढी होती. मलकापूरला जुहरला थांबावे लागेल असे वाटले होते, पण आम्ही त्याच्या कितीतरी आधी कोल्हापुरात पोहोचलो होतो. अर्थात गाडी काही जास्त वेगाने धावली नव्हती. धूळ आणि आवाज यांनी वैतागून वाटेत तीनदा थांबावे लागले नाही, एवढेच.

पेट्या उतरल्या, अम्मीचे काम झाले, बहिणीकडे जेवलो आणि दुपार कलल्यावर रिकामी गाडी घेऊन निघालो. आंबा गाव मागे पडले, उतार सुरू झाला. संध्याकाळचे ऊन दरीतल्या झाडीवर तिरपे पडले होते. दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर एक आवाज आला. कर्र. पत्र्यावर खिळा ओढावा तसा, बारीक.

"दार?" भाऊ म्हणाला.

मी दारावर तळहात दाबला, जसा वाडीच्या रस्त्यावर दाबला होता. आवाज थांबला नाही. काच दाबली. नाही. तेवढ्यात त्याने ब्रेकवरचा पाय काढला आणि आवाज बंद झाला. पुन्हा ब्रेक दाबला. कर्र. भावाचा चेहरा उतरलेला मला दिसला. त्याने एक अक्षर न बोलता गाडी दुसऱ्या गियरमध्ये टाकली, मागच्यांसाठी चारही दिवे लुकलुकते ठेवले आणि इंजिनाच्या जोरावर गाडी रोखत, ब्रेक अगदी लागेल तेवढाच वापरत, सावकाश घाट उतरवला. अम्मीने विचारले, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही अम्मी, तू दुआ पढत राहा." तिने सगळे ऐकले होते. ती दुआ पढत राहिली.

घाटाखाली गॅरेजमध्ये पुढचे डावे चाक उतरवले. मिस्त्रीने ब्रेकचा पॅड हातात ठेवला. त्यावरचा घासणारा थर एका बाजूला पूर्ण संपून लोखंड उघडे पडले होते आणि त्या लोखंडाने चकतीवर चरे पाडले होते. मिस्त्री वयस्क होता. त्याने विचारले, "किती दिवस वाजतंय?"

भाऊ म्हणाला, "आजच ऐकलं."

"आजचं नाही हे, बाबा. वाजत असणार. तुम्ही ऐकलं नसेल."

पॅड आणि चकतीची दुरुस्ती मिळून दोन हजार दोनशे रुपये लागले. अंधार पडल्यावर आम्ही तिथून निघालो. पालीपर्यंत कोणी बोलले नाही. मग भावानेच सांगितले. पॅड बदलायला आलेत असे त्याला फेब्रुवारीतच कळले होते. पैसे होतेही. पण ते त्याने दारांसाठी राखले होते. "ब्रेकला कोण हसतं आपा? दारांना लोक हसायचे," तो म्हणाला.

त्याला मी काय बोलणार? बावीस वर्षे मी वर्गात उभी आहे. मागच्या बाकावर गोंगाट करणाऱ्या मुलांकडे माझे लक्ष जाते, त्यांच्या पालकांना मी बोलावते, त्यांच्यासाठी वेळ काढते. आणि खिडकीजवळ गप्प बसणारी एखादी मुलगी आतल्या आत झिजत असते, तिचे नाव हजेरी सोडून माझ्या तोंडी येत नाही. गोंगाट थांबवल्याशिवाय तिचा आवाज ऐकू येत नाही, हे मला त्या रात्री पिकअपमध्ये नव्याने कळले. त्या दारांच्या आवाजाखाली ब्रेक आठवडेच्या आठवडे ओरडत होता. आम्ही वर स्पीकर लावला होता.

म्हणून ज्यांच्या दारी अशी जुनी गाडी आहे त्यांना माझी विनंती आहे. दारे वाजतात म्हणून गाडी विकायला काढू नका आणि आवाज लपवायला गाणीही मोठी लावू नका. एक दुपार काढा, तळहाताने आवाजाची जागा शोधा, सायकलची ट्यूब कापा. बिजागरी झिजली असेल तर मात्र घरचे उपाय करू नका आणि दार लावल्यावर दोनदा टक् वाजते की नाही हे विसरू नका. आणि गाडी शांत झाली की लगेच निश्चिंत होऊ नका. पहिल्याच फेरीला काचा वर करून, स्पीकर बंद ठेवून, ब्रेक दाबून, वळण घेऊन नीट ऐका. खरे ऐकायचे ते त्यानंतरच ऐकू येते.

नवी गाडी घ्यायचा विषय सध्या तरी मागे पडला आहे. मेअखेरीस शेवटच्या पेट्या घेऊन निघालो तेव्हा पावसाची पहिली सर हातखंब्यालाच गाठ पडली. दारातून एक थेंब आत आला नाही. भाट्याच्या पुलावर अम्मीने दुआ पढली होती आणि आम्ही दोघांनी आमीन म्हटले होते. घाटाच्या पायथ्याशी ट्रकांची रांग होती म्हणून आम्ही थोडा वेळ थांबलो, मग हळूहळू पुढे निघालो. अम्मी बाहेरच्या पावसाकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने भावाच्या दंडाला हात लावला आणि विचारले,

"बाबा, गाडी चालू आहे ना?"